उजव्या गालाचं मलम

सोमवार
नोकरी लागली. खोली कंपनीच्याच आवारात, खिडकी पूर्वेला, नळाला भरपूर पाणी. खूश आहे. काम काय, तर तोंड देणे. वय पुसणारं मलम बनवतात इथे. त्यात चरबीचे इतके बारीक थेंब असतात, की कातडीतून आत शिरतात आणि आपल्या पोटातलं औषध तिथे सोडतात. हे मी आधीच वाचलेलं. ह्यांच्या शेवटच्या आजारात औषध असल्याच थेंबांतून दिलं होतं. गुण आला नाही. तो राग अजून गेला नाही.
प्रमुख बाई हसतमुख. माझ्या डाव्या गालाला औषधाचे थेंब, उजव्याला नुसते रिकामे, तुलनेसाठी. संध्याकाळी कापसाने पुसून घेतात. कापूस त्या स्वतः नेतात.

शुक्रवार
डावा गाल जसाच्या तसा. रिकाम्या थेंबांचा उजवा तुकतुकीत. बाई म्हणाल्या, नशीबवान आहात. मला नशीब सांगतेय. उजव्या डोळ्याखालची सुरकुती ह्यांच्या उशाशी जागून पडली होती. मला न विचारता नेली.

बुधवार
ह्यांचा आवाज आठवेना. दुपारभर प्रयत्न केला.
कँटीनवाली हसत विचारत होती, बाईंनी लग्न कधी उरकलं गं, आम्हाला पेढासुद्धा नाही. बाई सांगत होत्या म्हणे, चहात चुकून मीठ पडलं तरी आमचे हे अख्खा कप संपवायचे, बायको ओशाळू नये म्हणून.
तो चहा मी केला होता. मीठ माझ्या हातून पडलं होतं.

गुरुवार
कळलं. थेंब रिकामे आत जातात आणि भरून बाहेर येतात. दाराच्या फटीतून पाहिलं. बाई तोच कापूस स्वतःच्या तोंडाला चोळत होती. डोळ्याखाली माझी सुरकुती. रडत होती, माझ्या नवऱ्यासाठी. हिला तरुण व्हायचंच नव्हतं. हिला आपलं म्हणून कुणीतरी गेलेलं हवं होतं. मग आधी जन्मभर कुणाचं तरी कर की. उशाशी बस. मग रड.

शनिवार
मलम लावू दिलं नाही. हात झटकला. उशीरच झाला — आमचं लग्न — घर कुठलं — ह्यांचे हात कसे —

रविवार
दार वाजतंय. तीच. अहोजाहो सोडलंय. म्हणते, ह्यांचा शेवटचा दिवस तेवढा तुझ्याकडे राहिलाय, तो दे, हे मला पूर्ण हवेत. मलम घेऊनच आलीय. कडी हलतेय —
नाही देणार. लिहून ठेवते. त्या सकाळी हे उशीला टेकून बसले, मला जवळ बोलावलं आणि म्हणाले —