एसीचा पाइप आणि मागची दोरी

नाना,

मी कंपनीत निघाले. तुम्ही आंघोळीला होतात, म्हणून लिहून ठेवते. अकरा वाजता एसीवाले अस्लमभाई येतील. मागच्या भिंतीवर बाहेरून जो तांब्याचा पाइप जातो, त्याचा जोड वाकून त्याला चीर गेली आहे. ते जोड बदलतील आणि साबणाचं पाणी लावून बघतील. एकही बुडबुडा आला नाही तरच त्यांना जाऊ द्या. त्यांना चहा कमी साखरेचा लागतो.

पाइपवर कुणीतरी रोज ओलं, जड काहीतरी वाळत घालतंय, असं ते काल म्हणाले. मीच गोधडी टाकत होते, असं मी त्यांना सांगितलंय. तुमच्या लेकालाही तेच सांगितलंय. तुम्ही त्यात काही बोलू नका.

मागच्या दारी तुमच्या हाताला येईल अशी नवी दोरी बांधली आहे. पण नाना, पहाटे उठून गार पाण्यात चादर धुणं आता बंद. तशीच मशीनमध्ये टाकून ठेवत जा. आमचे कपडे रोज धुतले जातातच. एका चादरीने मशीन काही दमत नाही.

योगिनी