भूल दिल्यावर कोणाला विचारणार

९ जानेवारी
सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरचीच. लहान आहे, लवकर सापडली. टाऊनशिपच्या हॉस्पिटलातला सर्जन हे सगळं व.ला सांगत होता, नवरा म्हणून. मी शेजारच्या खुर्चीत.

१० जानेवारी
क्लबात सर्जन भेटला. व.चा ब्रिजमधला जोडीदार. हातात पकोडा. तेलकट बोट स्वतःच्या शर्टावरून फिरवून दाखवलं, इथून इथे. "भाभीजी, पूरा निकलवा लीजिए. टेंशन खत्म." व. हसला. का हसला?
घरी येऊन पुन्हा अंघोळ केली. थंडीत.

१२ जानेवारी
ओपीडीत एकटी गेले. नुसती गाठ काढता येते का? येते. गाठ, भोवतालची थोडी निरोगी कड, काखेतल्या एक-दोन ग्रंथी तपासायला. नंतर काही आठवडे रोज शहरात जाऊन रेडिएशन. जगण्याची शक्यता दोन्हीत सारखीच. मग आधी का नाही सांगितलं?
"भाईसाहब बोले, रोज शहर कौन ले जाएगा."

१३ जानेवारी
शेजारच्या क्वार्टरमधल्या देशमुखवहिनी पपई घेऊन हजर. यांना कोणी सांगितलं? "जाऊ द्या ना वो. आता का लेकरं पाजायची आहेत?"
जेवताना व.: "या वयात कोणाला दाखवायचंय?" मग दही मागितलं. वाढलं. वाढणाऱ्या स्वतःच्या हाताचीच किळस आली.

१७ जानेवारी
अडून बसले. ठरलं, फक्त गाठ. पण कड ऑपरेशन चालू असतानाच तपासणार. खराब निघाली तर तेव्हाच पूर्ण स्तन काढणार? म्हटलं, टाके घाला, शुद्धीवर आल्यावर मला विचारा. लागलं तर पुन्हा टेबलावर येईन.
"दोबारा बेहोशी? भाईसाहब बाहर रहेंगे, उनसे पूछ लेंगे."
नाही. मलाच.
"आप लिटरेचरवाले भी..." मी साहित्य शिकवते, त्यावर टोमणा. कबूल मात्र केलं नाही. "देखेंगे."

१९ जानेवारी
बहिणीला नागपूरला फोन. ऑपरेशनच्या वेळी बाहेर बसशील? "बसेन. पण भाऊजींपुढे मी काय बोलणार गं ताई?"
नको म्हटलं.

२१ जानेवारी, हॉस्पिटल
सकाळपासून उपाशी. व. इस्त्रीचा शर्ट घालून आलाय. विचारलं, सर्जन बाहेर आला तर काय सांगशील?
"तुझ्या भल्याचंच."
म्हणजे काय?
बांगड्या काढून दे म्हणाला. दिल्या. पुन्हा विचारलं. तो नर्सकडे वळला. "सिस्टर, इनको ले चलिए."
सिस्टर ट्रॉली आणायला गेलीय. तो दाराशी उभा आहे, पाठमोरा.