तेरा फूट अडीच इंच

मी, वैजनाथ दगडोबा बिराजदार, वय ७९, धंदा शेती, राहणार चिंचवाडी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीचा पुरावा कोणी मागितलाच तर सत्तावीसची दीडपट साडेचाळीस, हे मी आजही एका दमात सांगतो.

१. राहते घर पत्नी सखूबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलगा कृष्णराज याला. पन्नास पानांच्या आमटीला मीठ किती, हे तिने कधी मोजले नाही आणि ती कधी चुकलीही नाही. मी तिला जन्मभर अडाणी म्हटले. ते येथे मागे घेतो.

२. पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मला तोंडपाठ. पंचविसाने गुणायचे तर दोन शून्ये चढवून चौथाई घ्यावी, नव्याण्णवाने गुणायचे तर शंभरपट करून तोच आकडा एकदा वजा करावा. कृष्णराजला हे शिकवायला बसलो तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. "अण्णा, ह्यात समदं हाय की." सबब ही विद्या मी कोणालाही देत नाही. माझ्याबरोबर जावी.

३. तेहेतीस फुटी साखळीबद्दल. गावात रान वाटायचे असले की मलाच बोलावत. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी साखळीने काढायची, दोन्ही सरासऱ्या गुणायच्या, की झाले गुंठे. कागद-पेन लागत नसे. वडील गेल्यावर, चौतीस वर्षांपूर्वी, थोरले बंधू बलभीम आणि मी वेगळे झालो तेव्हाही वाटणी मीच केली. दोन्ही तुकडे दहा साखळ्या बाय आठ, म्हणजे ऐंशी-ऐंशी गुंठे. माझा काटकोनात, दादांचा ओढ्याच्या अंगाने कललेला.

पहिल्याच सुगीत दादा बांधावर आले. "वैजा, तुझ्यात कडब्याच्या हजार पेंढ्या निघाल्या, माझ्यात नऊशे. रान कमी हाय रं."

मी म्हणालो, "दादा, तुमास्नी निमकी तरी येती का? आदी रानात खत टाका."

सात वर्षांनी त्यांनी सरकारी मोजणी आणली. त्यांचे रान बहात्तर गुंठे भरले. चावडीवर ते आठ गुंठे मागू लागले. मी सांगितले, एक तर ही मोजणी खोटी. आणि खरी धरली तरी आठ कसे? आठ दिले तर माझे बहात्तर उरतील नि तुमचे ऐंशी होतील. चारच निघतात. चावडी हसली. दादा टोपी सारखी करून उठले, ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. चारचा आकडा माझ्याच तोंडून निघाला होता, पण तेवढेही मी दिले नाहीत. वाद जिंकला याचाच मला आनंद झाला होता.

४. गेल्या पौषात दादा वारले. मला निरोप आला नाही. ऐकू आले तरी मी गेलो नाही. महिन्याने त्यांची नात निकिता आली. ती बारावीला आहे. तिने माझी काडेपेटी उचलली, आतली पेटी काढली आणि बाहेरचे रिकामे कव्हर बोटांनी दाबून दादांच्या रानासारखे तिरके केले.

"बाजू चारी तेवढ्याच हायत, आजोबा. आता आतली पेटी घालून दावा."

पेटी गेली नाही. साठ वर्षे मी बिड्या ओढतो. काडेपेटी रोज खिशात होती.

म्हणून, आमच्या दोघांमधला बांध दहा साखळ्या लांबीभर तेरा फूट अडीच इंच माझ्या बाजूला सरकवून चार गुंठे दादांच्या वारसांना द्यावेत. उरलेले शहात्तर कृष्णराजला. त्याने कुरकुर केल्यास तेही त्यांनाच. साखळी निकिताची. बांध सरकवताना एक टोक तिने धरावे, दुसरे कृष्णराजने. मोबाइल घरी ठेवावा.

५. ऐंशीला बहात्तर, तर हजाराला किती? नऊशे. पापणी लवायच्या आत सुटणारे गणित आहे. दादांनी ते उत्तर पहिल्याच सुगीत बांधावर उभे राहून सांगितले होते. मी त्यांना निमकी विचारली.

त्या दिवशी चावडीवर हसलेल्यांपैकी दोघेच आता हयात आहेत. साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे. त्यांनी सगळे वाचून मगच सही करावी.

वैजनाथ दगडोबा बिराजदार (सही)

साक्षीदार:
शंभुलिंग शिवलिंगप्पा स्वामी (सही)
रामहरी सिदू घोडके (सही)

चिंचवाडी, दि. ११ एप्रिल २०२५