रुमाल टाकून धरलेली खिडकी

प्रिय नसीम,

तुझ्या लेकीनं आज मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तुझी कपाटं आवरायला अर्शिया आठ दिवसांसाठी पुण्याहून उमरग्याला आलीय. माझ्याशी बोलताना ती आठवणीनं उजव्या बाजूला येऊन बसते आणि आवाज चढवते. "अम्मी सांगायची, मावशींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं," म्हणाली, आणि माझं काही न ऐकता घेऊनच गेली. डॉक्टरांनी कानांवर ती यंत्रं चढवली. बारीक आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी मागच्या बाकावरची कुजबूज फळ्याकडे तोंड करून पकडणारी बाई. दरवेळी बरोबर दाबलं. दोन्ही कान ठणठणीत आहेत, असं त्यांनी लिहूनही दिलं.

बाहेर आल्यावर अर्शिया हसत म्हणाली, "मग मावशी, त्या जर्मनीच्या स्टेशनवर अम्मीची हाक कशी ऐकू आली नाही तुम्हाला?"

"गर्दी लई होती गं," मी म्हणाले.

तू जाऊन पाच महिने झाले, तरी मी तेच खोटं बोलतेय. निदान तुझ्यापाशी तरी आज खरं सांगते.

आपण दोघी रिटायर झाल्यावर पाठीवर सॅक अडकवून युरोपभर रेल्वेनं फिरायचं, हे खूळ तुझं. मी गणिताची, मला घर बरं वाटतं. पण तू बत्तीस वर्षं भूगोल शिकवलास, तोही आपल्या शाळेच्या त्या एकुलत्या एका नकाशावर. त्यात नेमका जर्मनीच्या जागी उंदरानं कुरतडलं होतं. तू प्रत्येक वर्गाला ऱ्हाइन नदी फळ्यावर खडूनं काढून दाखवायचीस. "न बघितलेली नदी शिकवली मी पोरींना. एकदा बघू तरी दे, बरोबर काढली व्हती का न्हाय ते," म्हणालीस. मग मी तयार झाले.

अर्शियानं पास काढून दिला, मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं, दोन सॅक आणल्या. तुझी लाल, माझी निळी. सॅक चढवून आपण गल्लीतून एक चक्कर मारली तेव्हा लोक दारात येऊन बघत होते. तुला काही वाटलं नाही. मी मात्र घरात येईपर्यंत मान वर केली नाही. आपल्या दोघींत हाच फरक होता, नाही का?

ॲमस्टरडॅमच्या त्या स्वस्तातल्या खोलीत सहा पलंग, एकावर एक. माझे गुडघे दुखतात म्हणून वरचा तू घेतलास. तिथल्या परदेशी पोरींना तू शेंगाचटणी चाखायला दिलीस. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्या परत मागत होत्या, आणि कुठल्या भाषेत कोण जाणे, तासाभरात तुला त्यांच्या आयांची नावंही माहीत झाली. मी कोपऱ्यात बसून मोज्यांच्या घड्या करत होते. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटला होता.

मग आलं जर्मनीतलं कलोन, जिथून गाडी तुझ्या ऱ्हाइनच्या काठानं जाणार होती. त्या स्टेशनला लागूनच ते काळपट, उंच चर्च. फलाटावर मला दोन मराठी बायका भेटल्या. पुण्याच्या, माझ्याच वयाच्या, चाकांच्या देखण्या बॅगा घेतलेल्या. तू पाण्याची बाटली भरायला गेली होतीस. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी म्हणाले, "सोलापूरकडच्या." उमरगा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मग पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत मी तिथंच उभी राहिले.

गाडी लागली. आणि तू तेच केलंस, जे आपण पेपर तपासायला सोलापूरला जाताना वर्षानुवर्षं केलं. उमरग्याच्या स्टँडवर गाडी पुरती थांबायच्या आत तुझा चौकड्यांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. मग तू निवांत मला शोधायला निघायचीस. कंडक्टर चहा पिऊन येईपर्यंत एसटी कुठं जाते? इथं खिडक्या उघडत नव्हत्या, म्हणून तू धावत आत गेलीस. नदीच्या बाजूची खिडकी शोधून तिथं रुमाल टाकलास, शेजारी लाल सॅक ठेवलीस आणि दारात येऊन उभी राहिलीस.

"ए संजे! जागा धरली गं! खिडकीची हाय, पळ लवकर!"

अख्ख्या फलाटानं वळून बघितलं. त्या दोघींपैकी एकीनं विचारलं, "तुमच्यासोबतच्या आहेत का?"

मी म्हणाले, "कोण?"

आणि वरच्या पाटीकडे बघत राहिले, जशी काही गाडीची वेळ वाचतेय. तू अजून दोनदा हाक मारलीस. मला ऐकू आली, नसीम. तिन्ही हाका ऐकू आल्या.

तुला वाटलं मी गोंधळले, म्हणून तू खाली उतरलीस. माझा दंड धरून दाराकडे वळतेस तोवर दारं मिटली आणि गाडी हलली. रुमाल गेला, सॅक गेली. तुझे कपडे, तुझी गोळ्यांची डबी, नदीबद्दल लिहायला घेतलेली कोरी वही, सगळं गेलं. त्या दोघीही गेल्या, त्याच गाडीनं.

"ऐकू न्हाय आलं व्हय गं?" तू विचारलंस.

मी डाव्या कानाला हात लावला. "ह्या कानानं कमी येतंय हल्ली." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण चोराच्या उलट्या बोंबा असतात ना, तशी मी तुझ्यावरच उखडले. "खाली कशाला उतरलीस? ही काय एसटी आहे? तुझ्याबरोबर यायलाच नको होतं मी."

तू कमरेच्या पिशवीतले पासपोर्ट तेवढे चाचपून बघितलेस.

पुढची गाडी बरीच रिकामी होती. मी तुला खिडकीत बसवलं आणि तुझ्या उजवीकडे बसले, माझा डावा कान तुझ्या बाजूला. नदी आली. दोन्हीकडे डोंगर, उतारांवर द्राक्षांचे मळे, पाण्यात लांबलचक मालाच्या बोटी. तू काचेवर बोट ठेवून तिची वळणं गिरवत होतीस. मग बाहेर बघत बघतच, अगदी हळू, तोंडातल्या तोंडात विचारलंस, "चिवडा खातीस का?"

"दे," मी म्हणाले आणि हात पुढं केला.

तू वळलीस. माझ्या हाताकडे बघितलंस, मग माझ्या डाव्या कानाकडे. मला तेव्हा कळलं की तुला कळलंय.  तू पिशवीतून चिवडा काढलास, माझ्या ओंजळीत ओतलास आणि म्हणालीस, "वळण बरोबर काढत व्हते की मी फळ्यावर."

एवढंच. पुढं माइन्झच्या स्टेशनवर, हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात तुझी सॅक सापडली. तिथल्या बाईंनी ती काउंटरवर ठेवली, वर तुझा रुमाल चौकोनी घडी करून. तुला केवढं हसू आलं. "बघ, हितं बी मान देतेत रुमालाला," म्हणालीस.

गावी आल्यावर ही गोष्ट तू शंभर जणांना सांगितलीस. स्वतःच्या फजितीला सगळ्यात मोठ्यानं तूच हसायचीस. गोष्टीत माझ्यापाशी आलीस की म्हणायचीस, "बिचारीचा डावा कान अधू, तिची काय चूक?" मी बाजूला बसून मान डोलवायचे. तू माझं खोटं इतकं सांभाळलंस की लेकीलासुद्धा खरं वाटलं. पण एकदा तरी भांडायचंस की गं. एकटीला गाठून विचारायचंस, संजे, माझी लाज वाटली व्हय तुला? मी हो म्हणाले असते, रडले असते, आणि मोकळी झाले असते. तेवढी संधी तू मला दिली नाहीस, ह्याचा मला राग आहे. माफी मात्र मी मागायची होती, आणि तेवढं धाडस मला झालं नाही.

सोलापूरच्या दवाखान्यात शेवटी तुझा आवाज अगदी खोल गेला होता. नर्सला वाकूनही कळायचं नाही. मी तुझ्या उशाशी डावा कान तुझ्याकडे करून बसायचे आणि तू काय मागतेस ते मला पहिल्या झटक्यात कळायचं. प्रत्येक वेळी तू जरा हसायचीस.

रविवारी अर्शिया परत जातेय. सोलापूरपर्यंत मी तिच्यासोबत एसटीनं जाणार आहे, आणि वाटेत तिला सगळं सांगणार आहे. त्या "कोण?"सकट. ती रागावली तर रागावू दे. तिचा हक्क आहे.

तुझा रुमाल तिनं मला दिलाय. स्टँडवर तो मी तिच्याच हाती देऊन तिला पुढं पाठवणार आहे. ती तुझीच लेक, खिडकीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक मारेल, "मावशी, जागा धरली." कोणी का बघत असेना, मी तिथूनच ओ देईन. पहिल्या हाकेला.

दोन्ही कानांनी ऐकणारी तुझी,
संजू