ताईचा फ्रीज आणि आमचा मीटर

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (व्हरांड्यातला दिवा काढल्यामुळे अंदाजानं घातला आहे, दिशा चुकली असल्यास गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही ठणठणीत आहोत आणि घरात क्रांती चालू आहे.

झालं असं की, जन्मभर नाटकांत दिवे लावत आलेला तुझा भाऊ आता दिवे विझवण्याच्या नादाला लागला आहे. विजेचा वापर निम्म्यावर आणायचा, पण एकदम नाही, दर आठवड्याला एकच सवय बदलायची, म्हणजे घरातल्यांना जड जाणार नाही, असा माझा बेत. आधी टीव्ही भिंतीवरच्या बटणानं बंद करायला लावला. मग इस्त्री फक्त रविवारी (शुक्रवारपर्यंत थोरली लेक इतकी चुरगळलेली दिसते की ऑफिसात तिला आजारी समजून लवकर घरी सोडतात). मग गीझर एकदाच लावून अंघोळी पाठोपाठ उरकायच्या. त्यात आपले अण्णा पहिले गेले की बाकीचे गार पाण्यानं शुद्धीवर येतात. तुझी भावजय खिडकीच्या उजेडात निवडटिपण करते आणि माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. मीटरमध्ये फरक दिसला नाही तर मी पुन्हा कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, अशी तिची अट आहे.

आणि ताई, फरक दिसेना. घरातले सगळे दिवे-पंखे बंद करून मी मीटरसमोर उभा राहिलो, तरी त्यातला लाल ठिपका आपला डोळे मिचकावतोच आहे. माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तुझ्या भावजयीनं पुसायला म्हणून फ्रीजचा प्लग काढला आणि ठिपका थांबला. मी असा ओरडलो की शेजारचे डॉक्टर अनवाणी धावत आले. तू नवा घेतलास तेव्हा मायेनं आम्हाला दिलेला, आम्ही ज्याला लाडानं 'ताई' म्हणतो, तोच तो फ्रीज. (रागावू नकोस. गार उत्तम करतो, पण दार नीट लागत नाही, म्हणून दिवसभर घरघरतो आणि आम्हा सगळ्यांहून जास्त खातो.)

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अंधारातला भाऊ

ता. क. फ्रीज काल टेम्पोत चढवला. पत्र मिळेपर्यंत तो तुझ्या दारात उभा असेल. शेजाऱ्यांदेखत माझ्या नावानं काही बोलू नकोस.

आणखी ता. क. (दोन दिवसांनी) आम्ही छोटा फ्रीज आणला आहे, तो हूं की चूं करत नाही. मीटर निम्म्या वेगानं चालला आहे आणि तुझ्या भावजयीनं हार मानली. पण अण्णांना दुपारची झोप लागेना. आज ते जुन्या फ्रीजच्या मोकळ्या जागेसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "ती घरघर असली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं रे." तेव्हा फ्रीज राहू दे तिकडेच, तू ये. तुझी बडबडही तितकीच अखंड असते. अण्णांना झोप लागेल आणि मीटरला पत्ता लागणार नाही.