पांढरी, निळी आणि व्याहीबुवांचा तक्ता

नांदेड,
घटस्थापनेचा आदला दिवस

प्रिय शिवांगी,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी दचकशील. हल्ली घरी येणारं पत्र एकतर बँकेचं असतं नाहीतर कोर्टाचं, त्यामुळे आधीच सांगतो, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई समोर बसून परडीतल्या शेंगा निवडते आहे आणि मी लिहितोय ते बघून मधूनमधून मान हलवते आहे. खिशात फोन असताना आप्पांना पत्र लिहायची काय हौस आली, ते शेवटी सांगतो. आधी भांडण.

भांडण तुझ्याशी नाही, तुझ्या सासऱ्यांशी आहे. खरं म्हणजे भांडणही नाही. मी त्यांच्यावर जळतो. साठी उलटलेल्या माणसानं असं लिहू नये, पण लिहायलाच बसलोय तर स्वच्छ लिहितो. शिवप्पा सरांनी आयुष्यभर लातूरच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवलं, त्यांच्या शिक्षणावर मी कधी जळलो नाही. औसा रोडचं त्यांचं घर आपल्या घराच्या दुप्पट आहे, त्यावरही नाही. तू त्यांना मामा म्हणतेस आणि त्यांच्या चहात न विचारता बरोबर अर्धा चमचा साखर घालतेस, त्यावर थोडा जळलो, पण लेक दिली की तेवढं सोसावं लागतं. गेल्या दिवाळीत तू आलीस आणि माझ्या हातातला रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज कमी केलास, सासरी म्हणे मामा अगदी हळू आवाजात बातम्या ऐकतात. तेव्हा मात्र दोन दिवस रुसलो होतो. तुझ्या लक्षात आलं नसेल. पण गाडी? गाडी हा माझा प्रांत होता. तिथे त्यांनी पाऊल ठेवायला नको होतं.

तू सात वर्षांची असताना वर्कशॉप कॉर्नरच्या आपल्या गॅरेजात स्टुलावर बसायचीस. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हे मी तुला शिकवलं. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि सांगायचीस, आप्पा, तिसरा सिलिंडर रडतोय. तो खरंच रडत असायचा. आपला मिस्त्री मोहियोद्दीन म्हणायचा, ही पोरगी आपलं दुकान चालवणार. तू बँकेत गेलीस, लग्न होऊन लातूरला गेलीस, रोज मुरुडच्या शाखेत बसनं जाऊ लागलीस, तरी मी मनात धरून होतो की हिची पहिली गाडी मी निवडणार. मुदखेड रोडवर जुन्या जीपवर तुला क्लच सोडायला मी शिकवलं, तर पहिली गाडी दुसरं कोण निवडणार?

आणि मग गणपतीच्या दिवसांत दोन्ही घरांच्या त्या ग्रुपवर सरांचा तक्ता आला. वर ठळक अक्षरात ‘संकरित वाहने : तौलनिक तक्ता’. हायब्रीड म्हणायला काय होतं त्यांना? तुझ्या आईला तर हायब्रीड म्हटलं की लहानपणची हायब्रीड ज्वारीची भाकरी आठवते, घशाखाली न उतरणारी. एवढा पैसा घालून हायब्रीड कशाला, चांगलं वाण घ्या म्हणावं, असं तिचं मत पडलं. तर तो तक्ता. मायलेज, डिकी, जमिनीपासूनची उंची, सर्व्हिस सेंटर किती लांब, इंजिनाचा आवाज, प्रत्येकाला पाचपैकी गुण. जावईबापू अमरेशरावांनी शाबासकीचा अंगठा टाकला, तू लिहिलंस, “मामांनी किती अभ्यास केलाय.” मी ते वाक्य चार वेळा वाचलं. ज्या माणसानं तुझ्या साखरपुड्याला येताना अहमदपूरपासून लोह्यापर्यंत हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी चालवली, आणि जळका वास आला तर म्हणाला की शेतात कुणी धसकटं जाळत असेल, त्या माणसानं गाड्यांना गुण द्यायचे, आणि चाळीस वर्षं इंजिनात हात काळे केलेल्या बापाला कुणी साधं विचारायचंही नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही विकत घेतली आणि शोरूम गाठली. कंपन्यांची नावं लिहीत नाही, तुला माहीतच आहेत. नांदेडात मी चालवली ती पांढरी आणि लातुरात चालवली ती निळी, एवढं पुरे. हो, मी लातूरला येऊन गेलो. सांगतो पुढे. पांढरी मनानं मोठी गाडी आहे. तिची बॅटरी मोठी, गावातल्या गर्दीत ती एकटीच गाडी ओढते, इंजिन झोपलेलं असतं. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, घरी वायर लावायची भानगड नाही. खोट एवढीच की बॅटरीनं डिकीतली जागा खाल्ली आहे, तुझ्या आईची दिवाळीच्या फराळाची पिंपं त्यात मावणार नाहीत. मी हिंगोली गेटच्या उड्डाणपुलावर तिला चढवली आणि काय सांगू, आवाज म्हणून नाही. देवघरात बसल्यासारखं. आणि सरांच्या तक्त्यात याच गाडीला आवाजाचे पाचपैकी दोन गुण, शेरा असा की ‘चढावर इंजिन मोठ्याने गर्जते’. मला इतका आनंद झाला की शोरूमच्या पायरीवर उभा राहूनच ग्रुपवर लिहिलं, सरांनी आधी आपले कान तपासून घ्यावेत, मग गाड्यांना गुण द्यावेत. कुणी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, सगळ्यांची बोलती बंद झाली.

निळी नांदेडात बघायला नव्हती, म्हणून चार दिवसांनी सकाळची बस धरून लातूरला आलो. तुमच्या गल्लीच्या तोंडावरून रिक्षा गेली, मी मान फिरवून बसलो. शोरूमच्या वहीत नाव लिहायला लागलो तर तीनच ओळी वर तुझी सही, आणि शेजारी सरांची. तू त्यांना बरोबर नेलं होतंस. त्या दोन सह्या बघून मी स्वतःचं नाव घातलंच नाही, लिहिलं हणमंतराव, किल्लारी, ऊस बागायतदार. गाडी दाखवणारी पोरगी मोठी गोड होती, सृष्टी नावाची. ती मागच्या सीटवरून हणमंतराव काका, हणमंतराव काका करत असावी, कारण शेवटी तिनं माझ्या खांद्याला हात लावला. खोटं नाव घेतल्यावर असंच होतं, असं मी मनाशी म्हटलं. निळीची डिकी ऐसपैस, मागे पाय पसरून बसता येतं, सर्व्हिस सेंटर तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. पण तिची बॅटरी लहान, ती इंजिनाला नुसता हात लावते. गाडी चालते ती इंजिनावरच. म्हणजे रस्ताभर इंजिन चालूच असतं. आणि मला तेही ऐकू आलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये चाकूरपर्यंत मी स्वतःला समजावत होतो की काचा जाड असतील, हल्ली अस्तर चांगलं घालतात. पुढे समजावणं जमेना. दुसऱ्या दिवशी मोहियोद्दीनला मागे बसवून पांढरी पुन्हा मागितली आणि त्याच पुलावर चढवली. मधोमध आल्यावर त्याला विचारलं, बघ, येतोय का काही आवाज? त्यानं मागून वाकून माझा डावा हात धरला आणि डॅशबोर्डवर दाबून ठेवला. हाताखाली सगळं थरथरत होतं, शिवांगी. तळव्याला जे कळत होतं ते कानापर्यंत येतच नव्हतं. त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, “ईश्वरभाई, इंजिन कवाचं वरडून राहिलंय. तुमालाच ऐकू येऊन न्हाई राहिलं. दोन साल झाले.”

दोन साल. म्हणजे दोन वर्षं मी पेचकस कानाला लावून गिऱ्हाइकाला काही नाही, घेऊन जा म्हणत होतो, आणि मोहियोद्दीन जरा ऑइल बघतो म्हणत तीच गाडी मागे नेऊन स्वतः ऐकत होता. मला वाटायचं, म्हातारपणी याला ऑइलचं वेड लागलंय. गाडी मी शोरूमवाल्यांच्या हवाली केली आणि घरी चालत आलो. रस्ताभर प्रत्येक वाहनाकडे बघत होतो, हे वाजतंय की नाही म्हणून.

घरी येऊन सगळा राग तुझ्या आईवर काढला. म्हणालो, आता समजलं, बहिऱ्या बापाला कोण विचारणार, म्हणून पोरीनं सासऱ्यांना धरलं. तिनं हातातलं काम ठेवलं, माझ्या समोर येऊन बसली आणि एकेक शब्द मोठ्यानं बोलली. “लेकरानं आधी तुम्हालाच इचारलं. श्रावणात. दोन येळा फोनवर इचारलं, आप्पा कोणती गाडी घेऊ. तुम्ही बरं बरं म्हणलाव अन् फोन माझ्या हातात दिलाव.” मला आठवत नाही. म्हणजे फोन आलेला आठवतो. तू काहीतरी बोलत होतीस, चांगलंच काहीतरी असणार असं तुझ्या सुरावरून वाटलं, आणि मी हसून बरं बरं म्हणालो होतो. तू दोनच मिनिटांत आईला द्या म्हणतेस, बापाशी बोलायला तुला कंटाळा येतो, असं मी वर्षभर धरून बसलो होतो.

पुढचं तिनं सांगितलं ते लिहायला मला जड जातंय. तो तक्ता माझ्यासाठी होता. आप्पांना फोनवर सांगून कळत नाही आणि ऐकू येत नाही म्हटलं तर राग येतो, तेव्हा सगळं लिहून टाका म्हणजे ते नीट वाचतील, असं तू सरांना सांगितलंस, आणि सरांनी चार रात्री बसून तो केला. मी पुन्हा फोन उघडला. आवाजाच्या रकान्यापर्यंतच मी वाचलं होतं, तिथेच भडकून थांबलो होतो. बोटानं पान सरकवलं तर उजवीकडे अजून एक रकाना होता. वर लिहिलं होतं ‘ईश्वरप्पांचे मत’. खाली सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या. आणि अशा माणसाला मी दोन्ही घरांसमोर कान तपासून घ्या म्हणालो. त्यांना माझं माहीत होतं. त्यांनी एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर सोडलं नसतं, गावभर केलं असतं. आता खरं सांगू? तक्त्यावर जळत होतो त्यापेक्षा त्यांच्या त्या गप्प राहण्यावर मी जास्त जळतोय.

दसऱ्यानंतर कानाच्या डॉक्टरकडे जायचं तुझ्या आईला कबूल केलं आहे, तेव्हा त्यावर तू काही बोलू नकोस. पण तुमचं गाडीचं बुकिंग दसऱ्याला आहे आणि माझे कान तोवर येणार नाहीत. म्हणून हे पत्र. वहीची चौदा पानं भरली आहेत, मुरुडच्या रस्त्याला कोणती बरी, तुझ्या आईच्या गुडघ्यांना कोणती बरी, सगळं आहे. सरांच्या रिकाम्या चौकटी मी एका बैठकीत भरू शकतो. पण त्याआधी मला माझी एक वस्तू परत हवी आहे. श्रावणात तू मला दोनदा जे विचारलंस ते माझ्यापर्यंत आलंच नाही. तेव्हा ते पुन्हा विचार. सरांकरवी नको, ग्रुपवर नको, फोनवर तर नकोच. कागद घे आणि तुझ्या हातानं लिही की आप्पा, कोणती गाडी घेऊ. एवढी एकच ओळ. पोस्टमन आला की मी दारातच असेन, त्याची घंटा मला ऐकू येणार नाही.

वाट बघणारा, तुझाच,
आप्पा

ता. क. सरांना नमस्कार सांग. पांढरीला आवाजाचे दोन गुण दिलेत ते बरोबर आहेत, मोहियोद्दीनही तेच म्हणाला. हँडब्रेकचं मात्र मी मागे घेत नाही.