मुशी धरायला शिकले, त्याबद्दल

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा दुखायचा तसा दुखतो, माझी मशीन चालू आहे, शाळेचे गणवेश शिवून देऊन झाले, आणि तुझ्या खोलीच्या खिडकीचं निखळलेलं दार तू सुतळीने बांधून गेलास ते अजून तसंच आहे. पत्र एवढ्यासाठी की फोनवर आपलं काही जमत नाही. तू ‘हं’ म्हणतोस, मी ‘जेवलास का’ विचारते, तू ‘हो’ म्हणतोस, मी फोन आईंकडे देते. तुझा दादा गेल्यापासून दोन वर्षं आपण एवढंच बोललोय. तर आधी बातमी सांगून टाकते. मी मुशी धरायला शिकलेय. हसायचं तर हास. बाजारात मुशी दिसली तरी नाक मुरडून पलीकडच्या बाजूने जाणारी तुझी वहिनी गेले पाच महिने आठवड्यातून तीनदा गळ घेऊन धक्क्यावर उभी असते. शेजारणीला वाटतं माझं डोकं फिरलंय. मुशी म्हणजे शार्कच, आणि शार्क म्हटलं की तिला सिनेमातला राक्षस आठवतो. मी तिला सांगितलं, अगं, आपल्याकडे किनाऱ्याशी येतात ती हातभर, दीड हात लांबीची कार्टी, राक्षस कसले? तरी ती माझ्या हाताची बोटं मोजून घेते.

शिकवलं मिस्त्रीने. होड्या दुरुस्त करणारा आपला मिस्त्री, ज्याला तुम्ही दोघं भाऊ ‘हवामान खातं’ म्हणायचात. अजूनही रोज अंदाज सांगतो आणि रोज चुकतो. त्याच्या शेडमध्ये जाऊन मी म्हटलं, मला मुशी धरायला शिकवा. त्याने रंधा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की घरात सगळं बरं आहे ना. मग म्हणाला, बाकी काहीही शिका, विणकाम शिका, गाडी चालवायला शिका. मी रोज जाऊन बसायला लागले. चौथ्या दिवशी कंटाळून त्याने माझ्या हातात तारेचं भेंडोळं दिलं. म्हणाला, सुरुवात इथून. गळ दोरीला थेट बांधला तर मुशी दातांनी दोरी कातरून पसार होते, म्हणून गळ आणि दोरी यांच्यामध्ये वीतभर तार घालायची. ती पिळायला मला दहा मिनिटं लागली. मिस्त्रीने ओढून बघितली, परत ओढून बघितली आणि म्हणाला, तुमच्या नवऱ्याला हे शिकायला दोन महिने लागले होते. बावीस वर्षं काजं-बटणं करणाऱ्या बाईला तार पिळण्याचं काय कौतुक! पण दादाला दोन महिने लागले हे मला माहीत नव्हतं. घरी तर मोठ्या फुशारक्या मारायचा.

मग आमिष. बांगडा ताजा हवा आणि कातडीसकट कापलेला, म्हणजे पाण्यात तेल सुटतं. मुशी वासावर येते. भरती लागल्यावर तासाभराने लहान मासे उथळ पाण्यात शिरतात आणि त्यांच्या मागे ही येतात, म्हणून तेव्हा टाकायचं आणि गप्प उभं राहायचं. पहिले तीन आठवडे मला फक्त शेवाळ लागलं, आणि एकदा कुणाची तरी चप्पल. मिस्त्री म्हणाला, जोडीतली दुसरी मिळेपर्यंत थांबू या. मला गप्प उभं राहायचा त्रास नाही होत. घरात तरी मी दुसरं काय करते?

पहिली लागली ती पावणेदोन हात होती. आधी नुसती टकटक होते, कुणी चोरून दार वाजवावं तशी. तेव्हा ओढायचं नाही. थांबायचं. मग दोरी सरळ रेषेत निघते, तेव्हा धरायचं. मी धरलं आणि पंधरा मिनिटांनी ती धक्क्याच्या पायऱ्यांवर आली. एक हात डोक्याच्या मागे, एक शेपटीच्या बुडाशी, नाहीतर ती वळून चावते. अंगावरून उलटा हात फिरला तर सुताराच्या पॉलिशपेपरने घासल्यासारखं सोलून निघतं, माझं मनगट निघालंच. तिथल्या तिथे रक्त काढून साफ करून बर्फात घालावी लागते. उशीर केला तर तासाभरात मांसाला मुताचा वास येतो, मिस्त्री याहून वाईट शब्द वापरतो. हे सगळं मी केलं. दुसरी लागली ती पोटुशी होती, ती सोडून दिली. आनंद झाला का, विचारशील. काही झालं नाही. मला हल्ली काही होतच नाही रे. सुई बोटात गेली तरी आधी कापडावर डाग दिसतो आणि मग कळतं की आपलंच रक्त आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जाईल हळूहळू. मी गोळ्या घेतल्या, फेऱ्या मारल्या, शेजारणीबरोबर भजनालासुद्धा जाऊन बसले. हे लिहितानाही माझा हात अगदी स्थिर आहे, अक्षर बघ.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी आई रडत होत्या. तू त्या नर्सला नाही म्हणालास. कारखान्यात बोट चेचलं तेव्हा टाके घालता घालता तिने तुला निष्काळजी म्हणून झापलं होतं, आणि ते सांगताना दोन वर्षांत पहिल्यांदा तू फोनवर हसला होतास. आईंनी तेव्हापासून मनात मांडे खायला सुरुवात केली होती. मुलीच्या घरचे तयार, ती तयार, आणि तू आईंना काय सांगितलंस ते त्यांनी मला शब्दन् शब्द ऐकवलं. “माझ्या भरवशावर कुणाला ठेवू नका. एकदा ठेवलं होतंत.” आई म्हणाल्या, तूच समजाव त्याला, तुझं ऐकतो तो. खरं आहे. सात वर्षांचा होतास तेव्हा मी लग्न करून या घरात आले. तुझी नखं मी कापली, तुझे पाढे मी घेतले, आणि शाळेच्या पँटचा गुडघा दर महिन्याला मीच शिवला. समजावण्याचं काम माझंच आहे.

त्या दिवसाचं आपण कधी बोललोच नाही. तुम्हा दोघांची पद्धत मला पाठ होती. आदल्या संध्याकाळी घरामागे होडी बांधायच्या पायऱ्यांवर बसून आमिष कापायचं आणि बर्फात ठेवायचं. सुरी धुवायची आणि होडीच्या मागच्या फळीखाली खिळलेल्या चामड्याच्या म्यानात घालायची, ते काम तुझं. सकाळी होडी सोडण्याआधी दादा विचारायचा, “सुरी?” आणि तू म्हणायचास, “जागेवर.” मला बिछान्यात पडल्या पडल्या ऐकू यायचं. त्या सकाळीही मी अर्धवट झोपेत ऐकलं. सुरी? जागेवर. वाकून बघायची गरज तुला कधी वाटली नाही, कारण ठेवणारा तूच होतास. पुढचं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. दोरी दादाच्या पंज्याला गुंडाळलेली, मोठी मुशी लागली, तो उभा राहिला आणि तोल जाऊन पाण्यात गेला, दोरी नांगराच्या दोरात गुंतली आणि तो पाण्याखाली हातभर अंतरावर अडकून राहिला. तू फळीखाली हात घातलास तर म्यान रिकामं. तू दातांनी दोरी तोडायला गेलास. पलीकडची होडी यायला दहा मिनिटं लागली.

तू दारात आलास तेव्हा तुझे ओठ फाटले होते. घर माणसांनी भरलं होतं. तू माझ्या पायाशी बसलास आणि म्हणालास, “वहिनी, सुरी मी जागेवर ठेवली नाही. विसरलो असेन.” आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे. होतं असं.” लोकांनी ते ऐकलं. अजून सांगतात, बाईचं मन बघा, नवरा गेला तरी दिराला एक शब्द बोलली नाही. शाळेच्या बाईंनी तर मला त्यासाठी एकदा मिठी मारली होती. मी त्यांच्या ब्लाउजची शिवण बघत उभी होते. महिन्याभराने तू समुद्रापासून लांब, मिळेल त्या कारखान्यात निघून गेलास.

पाच महिन्यांपूर्वी मी मिस्त्रीकडे गेले ती मासे धरायला नव्हे. मला एकच गोष्ट हवी होती. सुरी असती तर दादा वाचला असता का, हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून म्हटलं, स्वतःच शिकू. सुरुवातीला वाटलं, सुटले. कारण मिस्त्रीचा पहिला नियम हाच, दोरी हाताला कधी गुंडाळायची नाही, बोटांवरून सरकती ठेवायची. दादाला त्याने हे शंभरदा सांगितलं होतं आणि दादा हसून गुंडाळतच राहिला. म्हणजे चूक त्याची. दोन-तीन आठवडे मी त्यावर काढले, भूकसुद्धा लागायला लागली. मग मागच्या महिन्यात मिस्त्रीने मला तुम्हा दोघांच्याच होडीतून नेलं. निघताना त्याने विचारलं, सुरी? आणि मी आमिषाचा डबा उघडून बघायला लागले. तो म्हणाला, तुमच्याकडे चांगली होती की एक, लाल दोऱ्याच्या मुठीची. मी म्हटलं, हरवली. बाजारातून नवी आणली होती, ती म्यानात घातली. म्यानात ती जरा सैल बसते. खडकांपाशी नांगर टाकला, मी वाळूने भरलेली पिशवी दोरीला बांधून पाण्यात सोडली आणि दोरी नांगराच्या दोरात अडकू दिली. मिस्त्रीला वाटलं, मी वजनाचा अंदाज घेतेय. मग मी वाकून फळीखाली हात घातला, सुरी काढली, दोरी कापली. मनात सेकंद मोजत होते. चार. परत केलं, परत चार. तिसऱ्यांदा मुद्दाम हळू केलं तरी सहा झाले. मिस्त्री माझ्याकडे बघत होता. मग त्याने नांगर वर ओढला आणि होडी घराकडे वळवली.

आता ऐक. त्या आदल्या संध्याकाळी तुमचं आमिष कापून झालं, तू अंघोळीला गेलास, दादा बातम्या बघत बसला होता. मला लाल भोपळा चिरायचा होता आणि स्वयंपाकघरातली सुरी बोथट. तीन वेळा मी त्याला धार लावून आण म्हणून सांगितलं होतं आणि तीन वेळा तो उद्या म्हणाला होता. मला राग आला. म्हटलं, तुझीच घेते, मग कळेल. मागच्या पायऱ्या उतरून होडीत गेले, म्यानातून सुरी काढली आणि भोपळा चिरला. सुरी धुतली आणि ताटांच्या मागे ठेवून दिली, जेवण झाल्यावर परत ठेवू म्हणून. ठेवली नाही. तू माझ्या पायाशी बसून बोलत होतास तेव्हा मला बसल्या जागेवरून ताटांच्या मागची ती लाल मूठ दिसत होती. तो दोरा मीच माझ्या रिळातून गुंडाळला होता. लोक गेल्यावर मी ती मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकली, अजून तिथेच आहे. त्या दिवशी मी भ्याले, आणि नंतर दर दिवसाने सांगणं जास्तच अवघड होत गेलं. आईंना मी हे आजच, पत्र टाकून आल्यावर, सांगणार आहे. त्या नर्सला फोन कर आणि भेटून तिला सगळं सांग, माझ्यासकट. तू सुरी जागेवर ठेवली होतीस, धाकट्या. रोज ठेवायचास तशीच ठेवली होतीस. तुझ्या भरवशावर ज्याला राहायचं त्याने खुशाल राहावं. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, घरी यायचं की नाही तेही तूच ठरव, मी काही मागत नाही. एवढंच कर, मला ‘असू दे’ असं लिहून पाठवू नकोस.

तुझीच,
वहिनी